अडलेल्यांचा ढीग

कुशाबाईला आम्ही सगळे कुशाआत्या म्हणायचो. वालचंदनगरच्या अलीकडं आमची वाडी, तिथली ही सुईण. मेंढरांमागं वाढलेली, अंगठा उठवणारी. मी आरोग्य केंद्रातला कर्मचारी, बारामतीला कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेला. सत्त्याण्णव साली तिनं माझं डोकं ठिकाणावर आणलं, ते सांगतो.

त्या वर्षी वरून फर्मान आलं, सुईणींचं काम तपासा. मी मोठ्या ऐटीत तक्ता केला. वाडीतली दुसरी सुईण जयवंताबाई, तिची चाळीस बाळंतपणं, त्यात चार मुलं दगावलेली. कुशाआत्याची चाळीस, सहा दगावलेली. डॉक्टरसाहेबांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "हिचं नाव यादीतून काढा. बाळंतपणाची सरकारी पेटी परत घ्या." म्हणजे तिचं सुईणपण संपलं. मी मुंडी हलवली. नंदीबैल नुसता!

पेटी आणायला गेलो तेव्हा वाटलेलं, म्हातारी रडेल, शिव्या घालील. कसलं काय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दीपक, ह्या समद्या बायका एकाच दाताच्या हायत का?"

मला काही कळेना. मग मात्र ती वैतागली. "आरं, शिकलास ते काय शिकलास? एडका जोखायचा तर आमी आदी मेंढ्या दातावारी, म्हंजी वयावारी, येगळ्या करतो. जून मेंढीचं कोकरू दुबळंच निघायचं. त्यात एडक्याचा काय दोष?"

तिनं मला रजिस्टरावरून ऐंशी चिठ्ठ्या करायला लावल्या, एका बाळंतिणीची एक. कळा कधी सुरू झाल्या, सुईणीला कधी बोलावलं, मूल आडवं होतं का, एवढंच वाचायचं. पहिल्याच चिठ्ठीला मी बोलून जाणार होतो, तर तिनं हात वर केला. "मेलं का जगलं सांगू नगंस. बाईचं नाव न्हाय, सुईणीचंबी न्हाय. कळलं की माझा हात माझ्याकडंच वळंल. आमचा बा दात बघताना कोकरं जाळीआड कोंडायचा."

खरं सांगतो, तीन वर्षं मी हेच पाठ करून परीक्षा दिली होती, आणि तक्ता करताना एकदाही आठवलं नव्हतं.

तिनं दोन ढीग केले, सरळ आणि अडलेल्या. मग मी नावं उघडली. जयवंताबाईच्या छत्तीस सरळ, त्यात दोन मुलं गेलेली. अडलेल्या चारच, त्यातही दोन गेलेली. कुशाआत्याच्या सरळ दहा, एकही मूल गेलं नव्हतं. अडलेल्या तीस, सहा गेलेली. जयवंताबाईकडं अडलेल्यांत निम्मी जात होती, हिच्याकडं पाचातलं एक. दोन्ही ढिगांत म्हातारीच सरस, आणि एकत्र केलं की तीच वाईट! मी चारदा मोजलं. तेच येत होतं.

सरळ दहा तिच्या भावकीतल्याच होत्या. बाकी वाडी जयवंताबाईला बोलवायची, आणि दिवस उलटूनही सुटका झाली नाही की मग हिला. मूल गेलं की हिच्या हाताला नाव ठेवायची, आणि पुढच्या वेळी आणखी उशिरा बोलवायची. त्यात माझं घरही होतं.

डॉक्टरसाहेबांनी नवा तक्ता दोनदा वाचला. "हे कुणी सुचवलं?" मी सांगितलं. त्यांनी जुन्या तक्त्यावर काट मारली. नाव यादीत राहिलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी माझ्या बायकोला, स्वरूपाला, कळा सुरू झाल्या. आई म्हणाली, जयवंताला सांगून ये. मी सायकल काढली आणि कुशाआत्याकडं गेलो. ती पेटी घेऊन तरातरा आली. दारातच विचारलं, "कवाधरनं अडलीय?"

"अडली न्हाय, आत्या. आत्ताच सुरू झालंय."

ती उंबऱ्यावर मटकन बसली. पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"अडायच्या आदी बोलावणारं भावकीभायेरचं पयलंच घर," ती म्हणाली. मग उठली आणि हात धुवायला पाणी मागितलं.