पंपमिस्त्रीचा कान

आमच्या गल्लीतल्या पंपमिस्त्रीचा कान भलताच तिखट. पंप आणलेल्या गिऱ्हाइकाला तो तोंड उघडू देत नाही. "तुम्ही गप्प बसा, पंपाला बोलू दे," म्हणतो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि आतलं दुखणं सांगून टाकतो. हा कान तो दुकानातच विसरून घरी येतो, असं त्याच्या बायकोचं म्हणणं.

कारण त्यांची सात वर्षांची लेक घोरायची. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घ्यावी, इतपत. मिस्त्रीला त्याचा कोण अभिमान. "आमच्या अण्णांवर गेलीय. ते घोरायला लागले की चोर आल्या पावली परत जायचे."

"आणि मध्येच आवाज बंद पडतो, तो?" बायकोने विचारलं.

"ऑटो कट असतो तो. टाकी भरली की मोटार आपोआप बंद."

"अहो, पोरगी वर्गात झोपते. बाईंनी तिसरी चिठ्ठी पाठवलीय."

"मीपण झोपायचो."

"म्हणूनच काळजी वाटते."

एका दुपारी बेकरीवाल्या काकू पंप घेऊन आल्या. शाळेतून आलेली लेक दुकानातल्या बाकड्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती. पंप घरघरला, थांबला, आचका देऊन पुन्हा सुरू झाला.

"काकू, वाटेत काहीतरी अडकलंय. असाच चालवलात तर मोटार जळणार," म्हणत मिस्त्रीने बटण बंद केलं.

घरघर चालूच राहिली. मग काहीच नाही. मग आचका.

"मिस्त्री, बंद केलात ना?"

मिस्त्री स्क्रूड्रायव्हर कानाशी धरून तसाच उभा. पुढच्या वेळी आवाज थांबला तेव्हा तो आकडे मोजू लागला. बारावर पोरीने आचका दिला. त्याने तिला उचललं आणि शटर ओढून निघाला. काकू आतच राहिल्या.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या नाकात बारीक दुर्बीण घातली. "दोन्हीकडे पॉलिप आहेत. सोललेल्या द्राक्षासारखे मऊ गोळे. झोपेत वाट बुजते, श्वास थांबतो. रात्रीची झोप पुरी होत नाही, म्हणून दिवसा पेंगते."

"मी ऑटो कट समजलो होतो."

"मुलांना तो नसतो, मिस्त्री."

शस्त्रक्रिया झाली. आता रोज नाकात फवारा. पोरगी तोंड मिटून, बिनआवाज झोपते आणि मिस्त्रीची पंचाईत होते. परवा त्याने चालू पंप बंद केला, गिऱ्हाइकाला बोटाने गप्प केलं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक बाकड्याला टेकवून मूठ कानाला लावली.

"बाबा," लेक डोळे न उघडता म्हणाली, "झोपू द्या की."