उतारावरची जीप

परवा रिछाईत एका गॅरेजसमोर ग्रीसचा वास आला आणि बाबांची शेतावरची जुनी जीप आठवली. दर रविवारी ते तिला ग्रीस भरायचे, पाणी-ऑइल बघायचे. तरी बॅटरीवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. म्हणून जीप कायम उतारावर, नाक खाली करून उभी. ब्रेक सोडला, ती घरंगळली, की क्लच सोडताच इंजिन सुरू.

"रोज रोज हे काहून करून राहिले तुम्ही?" आई हसायची.

"अडीअडचणीला कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर?" बाबा म्हणायचे.

एका दुपारी मटार तोडताना आईच छाती धरून खाली बसली. आम्ही तिला मागच्या सीटवर निजवलं. बाबांनी ब्रेक सोडला आणि जीप पहिल्याच झटक्यात सुरू झाली. गढ्याच्या दवाखान्यापर्यंत ती कुठंही अडखळली नाही. आई मात्र वाटेतच गेली.

तेरावं झाल्यावर शेतावर गेलो, तेव्हा बाबांनी जीप विहिरीजवळ सपाटीवर लावली. दुःखात विसरले असतील असं वाटून मी उताराची आठवण करून दिली.

"राहू दे रे," ते म्हणाले. "आता कोणाला न्यायचंय?"