पिकअप पाहिजे व्हता ना, घे पिकअप

गाडीचं पुढचं स्प्रॉकेट मीच बदलून घेतलं, कुणी मानेवर सुरी न्हवती ठेवली. आन् आता त्या गाडीकडं बघितलं तरी शिसारी येते मला. शी!

झालं असं. कुरकुंभला कंपनीत नवीन लागलो व्हतो. ठेकेदारानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं, "तीनदा लेट आलास तर चौथ्यांदा येऊच नको." आन् मी पहिल्याच आठवड्यात एकदा लेट! घरात गाडी एकच. सकाळी आबा, म्हंजी माझे वडील, तिच्यावर दुधाची क्यानं डेरीला नेत्यात, दुपारी सेकंड शिफ्टला मी. जुनी गाडी, उचलायचीच न्हाई. म्हनलं पिकअप वाढवू, लवकर पोचू. काय डोकं!

वरवंडातला मिस्त्री म्हनला, "पुढचं स्प्रॉकेट, चेन फिरवणारं चाक, चौदा दातांचं हाय, तेराचं टाकतो. रॉकेट व्हतीय बघ." गाडी चालवणार कुठं, हे त्यानं इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. दोघं शहाणे.

गावात खरंच रॉकेट. क्लच सोडला की टुणकन पुढं. पण हायवेला लागलो आन् पन्नासच्या पुढं इंजिन नुसतं बोंबलतंय! टॉप टाकलाय तरी पाय अजून एक गेर शोधतोय, जो हायच न्हाई. साठला हँडल असं थरथरतंय की हाताला मुंग्या, बूड बधिर. गरम ऑइलचा वास नाकात, त्यात कुरकुंभ जवळ आलं की तिथल्या केमिकल कंपन्यांचा आंबूस वास, दोन्ही मिळून मळमळ नुसती. आधी ऐंशीनं जायचो, आता उसाचा ट्रॅक्टर सोडला तर सगळे मला मागं टाकून जात्यात. पेट्रोल पण ढसाढसा पिती. पोचलो तर गेटवर वॉचमन घड्याळ दाखवतोय, "आओ साहब, आराम से आओ."

दुसरा लेट.

रविवारी जुनं चौदाचं खिशात घालून निघालो, तर आबा आडवे.

"कुठं?"

"स्प्रॉकेट बदलायला. भंगार झालीय गाडी."

"हात लावू नको तिला. कॅनॉलचा चढ भरली क्यानं घिऊन बिनबोभाट चढतीय आता. आधी मला उतरून ढकलाय लागायचं. जन्मात पहिल्यांदा कामाचं कायतरी केलंस."

"आन् माझी कंपनी?"

"यष्टी हाय की."

हाय ना, यष्टी हाय. शिफ्टच्या दोन तास आधी! चुकली तर तिसरा लेट, म्हणून सोमवारी भर उन्हात स्टॉपवर उभा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, बाजूला कुणीतरी गुटखा थुंकतंय. तेवढ्यात आबा गाडीवरनं आले, मागं घासाचं वझं. माझ्यासमोर थांबले, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"डबा घेतलास का?"

"व्हय."

आन् गेले. टुणकन.