आनेस्तिसची मत्स्यकन्या

आनेस्तिसवर मी जळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. मी पॅरिसला सहा वर्षं चित्रकला शिकून आलेला. तो तुर्कस्तानातल्या आयवालीहून जीव मुठीत धरून पळून आलेला निर्वासित. पिरेअस बंदरात होड्यांवर नावं रंगवायचा, चर्चसाठी संतांची चित्रं करायचा. तरी अथेन्सचे टीकाकार 'खरं ग्रीक चित्र कुठे आहे?' असं म्हणत त्याच्याच दारात कॉफी प्यायला जायचे. माझ्या चित्रांतल्या संगमरवरी देवतांना म्हणायचे, "सुबक आहेत हं!" सुबक तर मिठाईच्या खोक्यावरचं फूलही असतं.

'आजचा ग्रीस' या विषयावर स्पर्धा निघाली. मला काही सुचेना. एका दुपारी सगळी वस्ती झोपली असताना मी आनेस्तिसच्या खोलीत शिरलो. भिंतीवर मत्स्यकन्या होती. एका तळहातावर गलबत, दुसऱ्यावर लहानसं घर, आणि नजर थेट माझ्यावर. आम्हा पॅरिसहून शिकून आलेल्यांपैकी कुणाला असं का सुचू नये? अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी त्यावर पातळ कागद ठेवला, सुईनं रेषांवर भोकं पाडली आणि घरी येऊन त्यांतून कोळशाची पूड झटकली. त्याचीच पद्धत, त्याच्याकडेच बघून शिकलेली. फक्त तिची नजर बाजूला वळवली. ती थेट बघत असली की मी कुंचला खाली ठेवायचो.

पहिलं बक्षीस मला मिळालं. 'अखेर आपलं चित्र सापडलं,' असं वर्तमानपत्रात छापून आलं. आनेस्तिस ठेवणीतला कोट घालून प्रदर्शनाला आला. मी थापा तयारच ठेवल्या होत्या.

तो चित्राला नाक लावून उभा राहिला. "मागायचं ना, वेड्या!"

"उस्ताद, मी..."

त्यानं खिशातून घडी घातलेला, काळा पडलेला, भोकाभोकांचा कागद काढून माझ्या हातात कोंबला. "हा खाका घे. चोरून केलास म्हणून शेपटी बिघडली बघ. मत्स्यकन्या माझ्या गुरूच्या गुरूची. गलबत गुरूनं घातलं. घर मी घातलं, आमचं तिकडे राहिलं ना, ते. ज्याच्या हाती खाका येतो त्यानं आपलं एक काहीतरी घालायचं, अशी रीत आहे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या क्षणी मी त्याच्यावर पूर्वीपेक्षा जास्त जळलो.

मग त्यानं चष्मा पुसून पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"आणि तुझं काय रे यात?"

मी चित्राकडे पाहिलं. माझे होते ते फक्त तिचे डोळे, आणि ते कुणाकडेच बघत नव्हते.