वडी कडक नव्हतीच

संक्रांतीनंतरचा शनिवार होता. मुलुंड पूर्वेला आमच्या कॉलनीमागे पालिकेचा नवाकोरा हॉल... रंगाचा वाससुद्धा गेला नव्हता, आणि त्या हॉलमधलं महिला मंडळाचं हे पहिलंच हळदीकुंकू. साल पंच्याऐंशी असेल, नाहीतर शहाऐंशी.

हा हॉल सुखासुखी मिळाला नव्हता. मागच्या चाळीत कोकणातली कुटुंबं, बहुतेकांची गिरणी सुटलेली. ती माणसं हॉलमध्ये नकोत असं आमच्या कॉलनीत पुष्कळांना वाटायचं, पण वाईटपणा घ्यायचा कोणी?

वॉर्ड ऑफिसर देसाई मॅडमनी ते न सांगताच ओळखलं. त्यांनी हॉलला एक दार कॉलनीकडे ठेवलं आणि एक चाळीकडे. "किल्ल्या दोन्हीकडे राहतील. जमत नसेल तर सांगा, मी इथे पाण्याची टाकी बांधते," म्हणाल्या. लगेच जमलं!

आता आईबद्दल सांगते. बाबा गेल्यापासून ती हळदीकुंकवाला जात नसे. कोणी बोलावतही नसे म्हणा... तिळाच्या वड्या मात्र मंडळाला तिच्याच हातच्या लागायच्या. वड्या चालायच्या, आई चालायची नाही.

मला भयंकर राग यायचा. "असू दे गं, रीतच आहे ती," असं म्हणून आई डबा माझ्या हातात द्यायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. त्या दिवशीही तेच झालं. फरक एवढाच, की आता त्या खिडकीतून हॉलचं दार दिसत होतं.

प्रमुख पाहुण्या अर्थातच देसाई मॅडम. कपाळावर छोटी टिकली, खांद्याला ऑफिसची पर्स... काही विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. मंडळाच्या अध्यक्ष कुलकर्णी काकू कोयरी घेऊन पुढे झाल्या, तेव्हा मॅडमच म्हणाल्या, "थांबा. माझे मिस्टर नाहीत. मला चालतं, तुम्हाला चालेल का ते बघा."

काकूंचं कुंकवाचं बोट तसंच हवेत. बिचाऱ्या... ऑफिसरबाईंना नाही म्हणायचं कसं, आणि इतक्या वर्षांची रीत मोडायची तरी कशी!

तेवढ्यात चाळीकडच्या दारातून सावंत मावशींचा आवाज आला, "लाय गो बाय! कुंकवाक काय कळता?"

कोणीतरी खुदकन हसलं. काकूंनी डोळे मिटून घेतले आणि लावलं एकदाचं कुंकू. मग सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या.

मॅडमनी वडी तोंडात टाकली. "झकास! कोणी केल्या?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "माझ्या आईने," मी म्हणाले, "ती घरी आहे." का घरी आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही. घेऊन ये म्हणाल्या.

"ती नाही यायची," मी म्हटलं. मॅडमनी आणखी एक वडी उचलली. "मी बोलावलंय म्हणून सांगू नकोस. वडी कडक झालीये, पाक बिघडला वाटतं, असं मॅडम म्हणाल्या म्हणून सांग."

मी धावत घरी गेले आणि सांगितलं. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कडक? माझी वडी?" पायात चपला सरकवून ती तरातरा निघालीसुद्धा... हॉलच्या उंबऱ्यात आल्यावर मात्र एकदम थबकली. आपण कुठे आलोय ते तेव्हा तिच्या लक्षात आलं.

ती मागे फिरणार, तोच कुलकर्णी काकू कोयरी घेऊन समोर आल्या. "ये गं सुमन," एवढंच म्हणाल्या. आईने पदर सावरला, मान थोडी खाली केली... आणि रडायला लागली. मीही रडले.

पुढे त्या हॉलमध्ये बालवाडी निघाली, शिवणाचा क्लास निघाला, चाळीतली लग्नं झाली. कॉलनीकडची किल्ली कित्येक वर्षं आमच्याच घरी असायची. मॅडमची लवकरच दुसऱ्या वॉर्डात बदली झाली, नंतर कधी भेट नाही. शहर चालवणारं माणूस कसं असावं असं कोणी विचारलं, की मला अजून त्याच आठवतात. रस्ते, पाणी तर हवंच हो, पण घरात बसून राहिलेलं माणूस कशाने बाहेर येईल हेही त्यांना कळत होतं.

ती थाप होती हे मी आईला कधीच सांगितलं नाही. दर संक्रांतीला पहिली वडी मोडून माझ्या हातावर ठेवताना ती म्हणायची, "बघ, त्या वर्षीही कडक नव्हतीच."

यंदा वड्या मी केल्या... नव्हतीच गं आई.