बी.ए. पास रेखाचं गाणं

पप्पांची डोंबिवलीची कंपनी बंद पडली, तेव्हा आमच्या कोपरीच्या खोलीत चालू स्थितीत एकच यंत्र उरलं: हार्मोनियम. (तिच्याही दोन पट्ट्या मुक्या. पप्पा त्या चुकवून वाजवायचे आणि लोक म्हणायचे, काय वेगळी चाल आहे!) दिवसा मिळेल ते काम आणि संध्याकाळी गायन पार्टी, एवढ्यावर पप्पांनी मला बी.ए. केलं. घराण्यातली पहिली!

पप्पांची एकच हौस राहिलेली. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेली बुद्धगीतं गायली, आता बुद्धपौर्णिमेला विहारात एकदा तरी आपल्या घरातलं गाणं गायचं. मी लगेच लिहायला बसले. एकही अक्षर बदलायचं नाही, अशी अटही घातली. पप्पांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि मान डोलावली.

आमच्या गाण्यांत कवीचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. नाव आलं की ढोलकीवाला समजतो, गाणं संपलं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण पदवी ताजी होती! मी प्रत्येक कडव्यात नाव घातलं. पहिल्याच कडव्याचा शेवट असा:

'रेखा सांगे, बी.ए. पास, धम्म माझा श्वासोच्छ्वास.'

बुद्धपौर्णिमेला ढोलकीवर आईचा भाऊ, सुरेशमामा. तो ड्युटीवरून थेट स्टेजवर आलेला, शब्द ऐकलेच नव्हते. 'रेखा' कानावर पडताच त्याने दणदणीत तिहाई मारून गाणं संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पप्पांनी हसत ध्रुपद पुन्हा उचललं. दुसरं कडवं, रेखा, तिहाई, टाळ्या! तिसऱ्याला तर पुढच्या रांगेतल्या आजी घरी जायला उठल्या आणि परत बसल्या.

मामा पप्पांकडे झुकून कुजबुजला (माईक चालू होता), "दाजी, ही रेखा अजून किती वेळा पास होणार?"

अख्खा विहार हसला. मी खांबामागे. पप्पांची जन्माची हौस मी माझ्याच नावाने बुडवली होती.

पण पप्पा! त्यांनी डोळे मिटले, पुढची कडवी सोडून दिली आणि नुसतं ध्रुपद धरलं, 'दिवा तुझ्याच हाती, बाई गं, वात तुझ्याच हाती.' मुकी पट्टी आली की आवाजानेच ती जागा भरायची, अशी त्यांची गायकी. हसणाऱ्या बायकांनी ताल धरला, आईने वरचा सूर लावला, आणि मघाच्या आजी तर ते गाणं माहेराहून आणल्यासारख्या गायला लागल्या. मामाला थांबायला निमित्तच मिळेना. अख्ख्या गाण्यात मी जे काही कोंबलं होतं, त्यातली तेवढीच ओळ माझ्याबद्दल नव्हती.

घरी येताना मी पप्पांना विचारलं, आधी का नाही सांगितलंत?

"अगं, आपल्या घरात पहिल्यांदा कुणीतरी लिहिलंय. खोडायला हातच होईना."

आता आमच्या घरातलं ते गाणं कोपरीपासून शहाडपर्यंत गातात. बिननावाचं. परवा शहाडच्या विहारात मीही सूर मिसळला, तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, जुनं गाणं आहे हे. पाठ नसेल तर नुसत्या टाळ्या वाजवा."

मी वाजवल्या.