देवरावभाऊंनी खर्रा खाल्ला

पुतण्याच्या लग्नात आमची मंडळी एका गाण्यावर इतकी नाचली की मांडवातल्या खुर्च्या बाजूला सरकवाव्या लागल्या. ‘माई चप्पल तुटली मंडईत, आता घरी नेऊन दे’ असं ते गाणं. माई म्हणजे माझी, आणि मंडई म्हणजे भाजीमंडई नव्हे, पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगाव भरते ती जत्रा, हे मला नंतर कळलं. गाणारी मुलगी पल्लवी त्याच भागातल्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या, एका नाटक कंपनीत काम करते, हेही कळलं. सांगलीत हौशी नाटकं करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. आपल्याच महाराष्ट्रात तिकीट काढून रात्रभर नाटक बघणारी माणसं आहेत, हे मात्र मी नुसतं ऐकून होते. म्हटलं, गुडघे साथ देताहेत तोवर जाऊन यावं. “नाटक बघायला गडचिरोलीला?” नवऱ्याने विचारलं. “लोक वाघ बघायला जातातच की त्या बाजूला,” मी म्हटलं आणि बॅग भरली.

बल्लारपूरला लांब पल्ल्याची गाडी सोडून मी गोंदियाकडे जाणारी पॅसेंजर धरली. चंद्रपूर मागे पडलं, मग दोन्ही अंगांनी जंगल, आणि मूल स्टेशन यायला लागलं तशी धानाची शेतं सुरू झाली. कापणी होऊन बांध्या (बांध घातलेली भातशेतं) मोकळ्या झाल्या होत्या आणि मधेमधे पुंजणे (कापलेल्या धानाच्या गंज्या) उभे होते. समोर पेरूंची टोपली घेऊन बसलेल्या बाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या.

“कोन्त्या गावच्या तुमी?”

“सांगलीची.”

“ते कुठी आलं?”

“कोल्हापूरजवळ.”

“मंग इतक्या दुरून काऊन आल्या?”

“नाटक बघायला.”

मला वाटलं, आता हसतील. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. “कोनाचं?” एवढंच विचारलं. मी पल्लवीचं नाव घेतलं. “चप्पलवाली पल्लवी! मंग बरोबर आल्या,” म्हणाल्या आणि टोपलीतला चांगला मोठा पेरू माझ्या हातावर ठेवला. नागभीडला गाडी बराच वेळ थांबली. मी चहाला उतरले आणि गाडी हलली तेव्हा पेला हातात घेऊनच धावले. पेला अजून माझ्याकडे आहे.

वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेर. इथे एका रस्त्याला नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीने लागलेली. सगळे तिला ‘लाइन’ म्हणतात. प्रत्येक दारावर नटनट्यांच्या फोटोंचे मोठे फलक. आत गावोगावचे लोक गादीवर बसून नाटक ठरवताहेत, चहा पिताहेत, रुसताहेत, पुन्हा बसताहेत. पल्लवीच्या कंपनीत गेले तर ती मागच्या अंगणात दोरीवर नाटकाची लुगडी वाळत घालत होती. विशी नुकतीच ओलांडलेली, सडपातळ, आणि गाण्यात इतकी धीट असणारी मुलगी बोलताना अगदी खाली बघत होती.

“आज आमचं नाटक हाय मॅडम, जंगलाकडच्या गावाले. चाला आमच्या संग,” ती म्हणाली.

गाडीत तिच्या शेजारी जागा मिळाली आणि हळूहळू तिची गोष्ट कळली. वडील मूलच्या राईस मिलमध्ये हमाल. लहानपणापासून ती बुद्धविहारात आणि भीमजयंतीला भीमगीतं गायची. शाळेत असतानाच एकदा गावात आलेल्या कंपनीची गाणारी नटी आजारी पडली आणि लोकांनी हिला उभी केली. “एक शब्द पाठ नोता मले,” पल्लवी म्हणाली. “देवरावभाऊनं सांगतला तसा बोलली.” देवरावभाऊ म्हणजे पुढच्या सीटवर मफलर गुंडाळून बसलेले साठीचे गृहस्थ, कंपनीचे प्रॉम्प्टर. ते मागे न वळता म्हणाले, “आताबी पाठ नसते तिले.” सगळी गाडी हसली. पल्लवी हसली नाही.

का हसली नाही, ते तिने पुढे सांगितलं. चपलेचं गाणं तिने एका मित्राच्या खोलीत, खिडकीला गाद्या लावून रेकॉर्ड केलं होतं. ते फोनाफोनातून महाराष्ट्रभर पोचलं आणि मुंबईहून एका सिनेमासाठी बोलावणं आलं. ती परीक्षा द्यायला गेली. समोरच्याचं वाक्य झालं की ही गप्प उभी. तिचा कान आपलं वाक्य आधी देवरावभाऊंकडून ऐकू यायची वाट बघत होता! शिवाय बोलायची वेळ आली की ती पावलं टाकत डावीकडे जायची, कारण झाडीपट्टीच्या रंगमंचावर माईक वरून ठरावीक जागी टांगलेले असतात आणि बोलणाऱ्याने त्यांच्याखाली जायचं असतं. ती कॅमेऱ्याच्या चौकटीतून बाहेर गेली की तिथली माणसं हसायची. तरी तिच्या आवाजावर आणि चेहऱ्यावर जीव जडलेल्या तिथल्या कुणा बाईंनी तिला आणखी एक संधी दिली होती. दिलेल्या प्रसंगाचं चित्रण फोनवर करून उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायचं.

“यात नाही जमलं तर?” मी विचारलं.

“तर मले समजन का मी नटी नोहो. मी भाऊचा भोंगा हावो,” ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

गावात पोचलो तेव्हा मंडई रंगात आली होती. जिलेबीच्या कढया, आलूगोंड्याचा (बटाटावड्याचा) वास, फुगे, बांगड्या. मंडईच्या दिवशी इथे घरोघर पाहुण्यांची रीघ लागते आणि रस्त्यावर उभं राहिलेलं माणूस उपाशी राहू देत नाहीत. वच्छलाबाई नावाच्या एका घरधनिणीने मला दंडाला धरून आत नेलं. “नाटकाच्या पाहुण्या का? बसा जेवाले.” नवीन तांदळाचा भात, वांग्या-आलूचा रस्सा आणि लाखोरीच्या डाळीचे खरपूस वडे. मी वड्यांना नाही म्हणायचं विसरले आणि नंतर नाडी सैल करावी लागली.

नाटक रात्री रंगलं. थंडी मी म्हणत होती. वच्छलाबाईंनी माझ्याभोवती वाकळ (गोधडी) लपेटली. रंगमंचाच्या पुढे मधोमध एक खड्डा आणि त्यात दिवा लावून देवरावभाऊ. या लोकांचा हंगाम असा भरगच्च की तालमीला सवडच नसते. कंपनीचं आज एक नाटक, उद्या दुसरं, आणि सगळ्यांची वाक्यं एकटे देवरावभाऊ पुढे पुढे सांगत जातात. मी मुद्दाम पुढे बसले होते म्हणून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. आधी त्यांचं सपाट वाक्य यायचं, आणि पाठोपाठ तेच वाक्य पल्लवीच्या तोंडून रडत, भांडत, लाजत बाहेर यायचं. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं काम होतं. शेजारच्या आजीबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि मीही पुसत होते. आणि एवढं रडवून झालं की पब्लिक ओरडायचं, “चप्पल! चप्पल!” मग तीच टाकलेली बाई डोळे पुसून चपलेचं गाणं म्हणायची आणि मांडव डोक्यावर घ्यायची. नाटकाच्या कथेचं काय व्हायचं ते होवो. आमच्या सांगलीत परीक्षकांनी गुण कापले असते. मी मात्र वन्स मोर दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाबाईंच्या अंगणात चित्रण करायचं ठरलं. प्रसंग असा: एक मुलगी घरमालकिणीला ठणकावून सांगते की मी खोली सोडणार नाही. भाषा आपली पुस्तकी. घरमालकीण अर्थातच मी. धानाच्या पोत्यावर फोन टेकवला, कोंबड्या हाकलल्या, आणि मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, “सामान बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता!”

पल्लवी गप्प.

आणि भिंतीपलीकडून हलकेच आवाज आला, “कुठे जाऊ मी?” देवरावभाऊ! त्यांनी प्रसंगाचा कागद सकाळी एकदाच वाचला होता, पण सवयीने शब्द तोंडातून निघाला. लगेच पल्लवीनेही तेच वाक्य म्हटलं, आणि म्हणता म्हणता डावीकडे सरकून चौकटीच्या बाहेर गेली. मी ओरडले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. वच्छलाबाईंनी आतून पाट आणून टाकला आणि म्हणाल्या, “याच्यावर उभी राय. उतरशीन तर पाय मोडन.” सरकणं थांबलं, पण बोलणं सुरू होईना. मी देवरावभाऊंना तिथून लांब जायला सांगितलं, जरा तोडूनच सांगितलं. ते गेले तर ती आणखीच गोठली.

“शब्द पाठ हायेत मॅडम,” ती रडायला लागली. “पन कोनी बोलल्याबिगर तोंड उघडत नाई. मी का करू?”

मी घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात देवरावभाऊ परत आले. समोरच्या पानठेल्यावरून त्यांनी खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेली इकडची पुडी) आणला होता. वच्छलाबाई चकित झाल्या. “तुमी तं खात नाई ना भाऊ?”

“आवाजासाठी नाई खात,” ते म्हणाले. “आज आवाजच नाई पायजे.” आणि अख्खी पुडी त्यांनी तोंडात कोंबली. मग रोज बसतात तसे पल्लवीच्या समोर, फोनच्या खाली, मातीत बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. सवय नसल्यामुळे डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कपाळावर घाम आला. तोंड दाबून धरलेलं.

मी म्हटलं, “सामान बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता!”

पल्लवीने देवरावभाऊंकडे पाहिलं. त्यांचा गाल फुगलेला, ओठ मिटलेले. शब्द येणार नव्हता. मग ती माझ्याकडे वळली आणि बोलली. “कुठे जाऊ मी? या खोलीत माझी आई वारली. मी नाही जाणार.” आवाज न चढवता, माझ्या डोळ्यांत बघत. आतापर्यंत ज्या मुलीला मी ऐकलं होतं ती ही नव्हे, असं मला वाटलं. मी पुढचं वाक्य विसरले. तीस वर्षं हौशी नाटकं केलेली मी, सपशेल विसरले! तर हिने माझ्या गप्प बसण्याचाही उपयोग केला आणि दार लावून घेतल्यासारखी पाठ फिरवली. देवरावभाऊ उठले, धावत न्हाणीकडे गेले आणि बराच वेळ तिथून ओकारीचे आवाज येत राहिले. वच्छलाबाई त्यांना लिंबू द्यायला गेल्या.

चित्रण पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांचा निरोप घेतला. चंद्रपुरात थोडी राहिले, किल्ल्याचा परकोट पाहिला, पण मन कशात लागेना. येता-जाता फोन बघत होते. तसं पाहिलं तर माझा काय संबंध? पण संबंध लागला होता खरा.

बल्लारपूरच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत बसले होते तेव्हा पल्लवीचा फोन आला.

“घेतलं मॅडम मले. होळीनंतर शूटिंग हाय. आताच सांगतलं त्यायनं.”

मी इतक्या जोरात “शाब्बास!” म्हणाले की शेजारचे गृहस्थ दचकले. होळी म्हणजे झाडीपट्टीचा हंगामही संपलेला, कंपनीचं नुकसान नाही. सगळं जुळून आलं होतं. पण पल्लवीने आवाज एकदम खाली आणला.

“काय झालं गं?”

“भाऊ इथीच बसून हायेत, ऑफिसात. त्याईले कसं सांगू? का म्हनू, मॅडम? तुमी सांगा न.”

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, एक सोडून चार होती. सल्ला देण्यात मी कुणाला हार जात नाही, आमच्या घरी विचारा. पण त्या मातीत, फुगलेल्या गालाने बसलेल्या माणसाची मला आठवण झाली आणि मी ओठ मिटून घेतले. पलीकडे लाइनीतला आवाज येत होता, कुणी तरी चहा मागत होतं.

मग तिच्या पावलांचा आवाज आला. “भाऊ,” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. “घेतलं जी मले सिनेमात. आता तुमच्याबिगर बोला लागन.”

आणि मग देवरावभाऊंचा आवाज आला, तो खड्ड्यातला सपाट आवाज नव्हे, रस्ताभर जाईल असा:

“हळू काऊन बोलतं पोरी? जोरानं सांग! साऱ्या लाइनीले आयकू जाऊ दे!”